लाल दिवा, पिवळा दिवा आणि सहा दिवसांचे कोकण

पहिला दिवस: पुणे ते हरिहरेश्वर

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही तिघे, म्हणजे हे, माझी थोरली बहीण आणि मी, आमच्या राहत्या गाडीने कोकणात उतरलो. ‘राहती गाडी’ हा ताईचा शब्द. ‘मोटरहोम’ म्हटले की तिला ते कुणा श्रीमंताचे प्रकरण वाटते. मुळात ही १३ आसनांची डिझेल व्हॅन. आसने काढून आत दोन पलंग, छोटा ओटा, १०० लिटरची पाण्याची टाकी, फ्रीज, छतावर एसी आणि या सगळ्यासाठी वेगळी बॅटरी व इन्व्हर्टर बसवून घेतलेला आहे. भरल्या टाकीनिशी ती किती जड होते, याचा विचार आम्ही पंख्याच्या आणि पडद्यांच्या निवडीइतका केला नव्हता, हे आधीच कबूल करते.

मुळशीचे पाणी मागे टाकून ताम्हिणीचा उतार सुरू झाला, आणि तिसऱ्या-चौथ्या डाव्या वळणावर डॅशबोर्डावर लाल दिवा चमकून गेला. वर्तुळात उद्गारचिन्ह आणि दोन्ही बाजूंना कंस, असा तो ब्रेकचा दिवा. पुढच्या डाव्या वळणावर तो पुन्हा लागला आणि गाडी सरळ होताच विझला. ह्यांचे म्हणणे, खड्ड्याने वायर हलली असेल. मी तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले आहे, त्यामुळे ठरावीक वळणावरच लागणारा दिवा मला हललेल्या वायरीपेक्षा अधिक शिस्तीचा वाटला. रस्ता रुंद झाला तिथे गाडी कडेला घेतली आणि उतरून आधी दोन्ही मागच्या चाकांना दगड लावले.

लाल दिव्याची कारणे मोजकी असतात. हँडब्रेक ओढलेला असणे किंवा त्याच्या तळाचे बटण अडकणे हे पहिले. ब्रेक ऑइलची पातळी खाली जाणे हे दुसरे. काही गाड्यांत पॅड, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला दाबून गाडी थांबवणारे तुकडे, झिजल्याची सूचनाही ह्याच दिव्यावर येते. आमच्या गाडीत तशी सोय नाही. हँडब्रेक आठ-दहा वेळा वर-खाली केला, तळाशी दाबून पाहिला, सोडलेल्या दांड्याला हिसके दिले. दिवा नेमाने लागला आणि नेमाने विझला, म्हणजे बटणाची तक्रार नव्हती. मग बॉनेट उघडले. ब्रेक ऑइलची टाकी अर्धपारदर्शक असते, तिला झाकण न उघडताच पातळी दिसते, आणि झाकण उगाच उघडूही नये. पातळी किमान रेषेच्या किंचित खाली होती. टाकीत एक तरंगता तुकडा असतो. तो खाली बसला की दिव्याचे विजेचे मंडल पूर्ण होते. सपाटीवर तो जेमतेम तरंगत होता आणि उतारावर, त्यातही डाव्या वळणावर, ऑइल एका बाजूला कलले की टेकत होता. वळणाचे कोडे एवढ्याने सुटले.

मात्र ऑइल कमी का, हे कोडे राहिलेच. पुढे जावे की नाही, हे ठरवण्यासाठी दोन परीक्षा घेतल्या. इंजिन चालू ठेवून पेडल जोरात दाबून मिनिटभर धरले. ते हळूहळू खाली जात राहिले असते तर मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबल्यावर चाकांकडे ऑइल ढकलणारा मुख्य पंप, आतून गळतो आहे किंवा कुठे नळी फुटली आहे असे समजून मी गाडी तिथेच सोडली असती; स्पंजासारखे लागले असते तर ऑइलमध्ये हवा आहे असे समजले असते. पेडल उंचावर आणि घट्ट राहिले. मग इंजिन बंद करून पेडल चार-पाच वेळा दाबले, दाबलेलेच ठेवले आणि इंजिन सुरू केले. ते किंचित खाली गेले, म्हणजे ब्रेकला जोर देणारा निर्वाताचा बूस्टर शाबूत होता. चारही चाकांच्या आतल्या बाजूने टॉर्च फिरवला, कुठेही ओल नव्हती. एवढ्या खात्रीनंतर दुसऱ्या गिअरमध्ये, पेडलवर पाय घासत न ठेवता, आम्ही उरलेला घाट उतरलो. लाल दिवा पेटून राहिला असता तर हे केले नसते, आणि कुणी करूही नये. डिझेल वाचवायला घाटात न्यूट्रल टाकणारे दोन टेम्पो आमच्या पुढून गेले. त्यांच्या ब्रेकचा विचार करून माझ्याच पोटात गोळा आला.

निजामपूरला चहाला थांबलो तेव्हा चाकांपाशी तळहात नेऊन पाहिले. पुढचे डावे चाक बाकीच्यांपेक्षा स्पष्ट जास्त तापलेले होते. घाटाची वळणे घेतल्यावर असे होत असेल, असे म्हणून मी ते सोडून दिले. तिथे चूक झाली, ती तिसऱ्या दिवशी कळली.

माणगाव, म्हसळा, श्रीवर्धन करत संध्याकाळी हरिहरेश्वराला पोहोचलो तेव्हा सपाट रस्त्यावर दिवा एकदाही लागला नव्हता.

दुसरा दिवस: हरिहरेश्वर ते दापोली

बागमांडल्याला सावित्रीच्या खाडीवर फेरीबोट आहे; गाडीसकट पलीकडे वेसवीला उतरता येते. ओहोटी होती, त्यामुळे बोटीच्या फळीचा टोकाचा भाग खाऱ्या पाण्यात बुडालेला होता आणि चढताना पुढची चाके त्यातूनच गेली. बोटीवर हँडब्रेक ओढणे सक्तीचे, वर खलाशाने चाकाला लाकडी ठोकळेही लावले. दिवा अर्थातच लागला आणि ताईने विचारले, ‘‘हा चांगला दिवा की वाईट?’’ प्रश्न अगदी बरोबर होता. हँडब्रेक सोडल्यावर जो विझतो तो चांगला.

केळशी, आंजर्ले, हर्णे ही गावे अरुंद गल्ल्यांची आहेत, समोरून एसटी आली की कुणाला तरी मागे सरावे लागते, आणि मागे सरताना चढावर लाल दिवा पुन्हा दोनदा लुकलुकला. दापोलीत पहिले गॅरेज दिसले तिथे थांबलो. मुलाने बॉनेट उघडले, फळीवरचा अर्धा भरलेला डबा उचलला, टाकी कमाल रेषेपर्यंत भरली आणि दिवा गेल्याचे दाखवून पैसे घेतले. ह्यांना हायसे वाटले. मला दोन गोष्टी खटकल्या.

पहिली त्या डब्याची. ब्रेक ऑइल हे नावापुरतेच ऑइल असते. बहुतेक गाड्यांतले ऑइल ग्लायकोल जातीचे असते आणि ते हवेतली ओल शोषून घेते. डॉट ४ प्रकारचे नवे, कोरडे ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असे मानक आहे. तेच ओल शोषून बसले की ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येते. घाटात ब्रेक तापून आतले ऑइल उकळले की वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते, आणि पेडल जमिनीला टेकते तरी गाडी थांबत नाही. ज्या हवेत मीठ बरणीत पाझरते, तिथे उघड्या डब्यातले ऑइल किती दिवसांचे होते कोण जाणे.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी. बंद यंत्रणेतले ऑइल उडून जात नाही. ते एकतर गळते किंवा पुढच्या ब्रेकमध्ये जाऊन बसते, कारण पॅड झिजत जातात तसा त्यांना दाबणारा पिस्टन बाहेर सरकतो आणि त्याच्यामागची वाढलेली जागा ऑइल भरून काढते. आमच्या गाडीचा पिस्टन साधारण ६ सेंटिमीटर व्यासाचा आहे. एका चाकाच्या दोन्ही पॅडची मिळून १० मिलिमीटर झीज झाली तर २८ घन सेंटिमीटर ऑइल तिथे अडकते. दोन चाकांचे मिळून खोकल्याच्या औषधाच्या छोट्या बाटलीइतके. टाकीतली पातळी तेवढ्यानेच खाली जाते. म्हणजे कमी झालेले ऑइल हाच पॅड संपत आल्याचा निरोप होता, आणि आम्ही पैसे देऊन तो पुसून घेतला होता.

रात्री मुक्कामाच्या अंगणात स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून कॅलिपरच्या, म्हणजे पॅड धरून दाबणाऱ्या पकडीच्या, खिडकीतून टॉर्च मारला. उजवीकडे पॅडवर लायनर, म्हणजे त्याचा झिजणारा थर, दिसत होते. डावीकडे आतल्या पॅडची जाडी मला नीट दिसेना, तेव्हा मी ह्यांना खाली वाकायला लावले. हे उठले आणि काहीही न बोलता गुहागरच्या ओळखीच्यांना फोन लावायला गेले.

तिसरा दिवस: दापोली ते गुहागर

दाभोळचा उतार दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो, वाशिष्ठीच्या मुखावरून फेरीबोटीने धोपाव्याला गेलो आणि अकराच्या सुमारास गुहागरच्या एका गॅरेजात गाडी लावली. मिस्त्री साठीचे, कमी बोलणारे. पॅड चिपळूणहून दुपारच्या एसटीने मागवतो म्हणाले, आणि तोवर चाके काढली.

डाव्या चाकाचा आतला पॅड २ मिलिमीटर उरला होता, बाहेरचा ६ मिलिमीटर. ‘‘नखाएवढा राहिलाय, काकू. अजून एक घाट नि लोखंड डिस्कला लागलं असतं,’’ मिस्त्री म्हणाले. एकाच चाकाच्या दोन पॅडमध्ये एवढा फरक का, ते त्यांनी कॅलिपर हाताने हलवून दाखवले. ह्या प्रकारात पिस्टन फक्त आतल्या बाजूला असतो. तो आतला पॅड डिस्कवर दाबतो, आणि त्याच्या उलट्या जोराने सगळा कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढून घेतो. त्यांतली एक पिन गंजून अडकली होती. त्यामुळे आतला पॅड एकटाच काम करत होता आणि पेडल सोडल्यावरही डिस्कला घासत राहत होता. निजामपूरचे तापलेले चाक ते हेच. तळहाताने दिलेला पुरावा मी घाटाच्या नावावर खपवला होता. परीक्षेत विद्यार्थ्याने असे केले असते तर मी गुण कापले असते.

पॅड आले. एकाच चाकाचे बदलून भागत नाही, एका आसावरच्या दोन्ही चाकांचे एकदमच बदलायचे असतात, नाहीतर ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढते. नवे जाड पॅड बसायला पिस्टन परत आत दाबावा लागतो, आणि आत अडकलेले ऑइल उलटे टाकीत चढते. दापोलीत ती काठोकाठ भरलेली. मी हे सांगायला तोंड उघडले तेवढ्यात झाकणाखालून ऑइल ओघळले आणि बॉनेटच्या कडेच्या रंगावर गेले. ब्रेक ऑइल रंग खाते. मिस्त्रींनी शांतपणे बादली ओतली, तीनदा धुतले, मग मोठ्या सिरिंजने टाकीतले जादा ऑइल ओढून घेतले आणि विचारले, ‘‘भरलं कुणी?’’ ताईने माझ्याकडे पाहिले, मी ह्यांच्याकडे.

त्या उघड्या डब्याचा संशय मी बोलून दाखवला, तेव्हा जुने ऑइल सगळेच काढून टाकायचे ठरले. पॅकबंद बाटली माझ्यासमोर फोडली. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या, म्हणजे मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात करून एकेक चाक जवळ येत हवा आणि जुने ऑइल काढले; हे आत बसून सांगितल्याबरोबर पेडल दाबत, धरत आणि सोडत होते. जुने ऑइल चहाच्या रंगाचे निघाले, नवे फिकट सोनेरी. पिना घासून, ब्रेकचे उष्णता सोसणारे ग्रीस लावून बसवल्या. मागचे ड्रम उघडून लायनर पाहिले, ते ठीक होते. आणि गाडी हलवण्याआधी मिस्त्रींनी ह्यांना पेडल सात-आठ वेळा दाबायला लावले. पॅड बदलल्यावर पहिले पेडल पोकळ जाते, कारण पिस्टन अजून मागे असतो. हे विसरून गॅरेजातून गाडी बाहेर काढणारा माणूस समोरच्या भिंतीवरच जाऊन थांबतो.

टाकीत पातळी आली तिथे मी बाहेरून पेन्सिलने बारीक रेघ मारली. मोकळ्या रस्त्यावर नवे पॅड बसावेत म्हणून मध्यम वेगातून हलके ब्रेक मारत वीस-पंचवीस वेळा वेग उतरवला, मध्ये डिस्क थंड होऊ दिली, आणि मग समुद्रावर गेलो.

चौथा दिवस: गुहागर ते मालगुंड

वेळणेश्वर, हेदवी करून तवसाळच्या धक्क्यावर आलो तर रांग होती. उन्हाची तलखी, ताईचा रक्तदाब, म्हणून इंजिन चालू ठेवून छतावरचा एसी लावला. रांग पुढे सरकू लागली, आणि गाडी पाच-पंचवीस हात गेली असेल नसेल, तोच पिवळा एबीएसचा दिवा आणि त्याच्यासोबत आपला जुना लाल दिवा असे दोन्ही एकदम लागले.

हे सरळ म्हणाले, ‘‘मिस्त्रींनी काहीतरी ठेवलं.’’ मी खाली उतरून पाहिले. पातळी पेन्सिलच्या रेघेवर, पेडल घट्ट, हँडब्रेक सोडलेला. मग हा दिवा वेगळी गोष्ट सांगत होता. पिवळा एकटा लागला तर नेहमीचे ब्रेक चालतात, फक्त जोरात ब्रेक मारल्यावर चाके न अडकू देणारी यंत्रणा रजेवर गेलेली असते. पिवळ्यासोबत लाल लागला तर पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटून देणारे कामही थांबलेले असते, आणि अशा वेळी ओल्या किंवा खडीच्या रस्त्यावर मागची चाके आधी अडकून गाडी आडवी होऊ शकते. थांबता येते, पण हिसका देऊन थांबायचे नसते.

शास्त्रीची खाडी ओलांडून जयगडला उतरेपर्यंत एसी बंद होता, आणि दिवे विझलेले होते. मी दोष खाऱ्या पाण्याला दिला. चाकाचा वेग मोजणारा सेन्सर चाकाजवळच असतो, तीन खाड्यांच्या फळ्यांवर तो न्हाऊन निघाला होता, त्याच्या जोडणीत मीठ गेले असेल, ही समजूत अगदी बेतशीर होती. मालगुंडला केशवसुतांच्या स्मारकाजवळून जाऊन एका नारळाच्या वाडीत मुक्काम केला, तिथे विहिरीच्या गोड्या पाण्याने चाकांच्या आतल्या बाजू धुतल्या आणि सेन्सरच्या जोडण्या उघडल्या. चारही आतून कोरड्या, चकचकीत. गावातल्या एका गॅरेजवाल्याने न पाहताच सांगितले, सेन्सर बदलून टाका. कोणता, असे विचारल्यावर म्हणाला, चारही.

रात्री वहीत दिवे कधी लागले, कधी विझले ते लिहून काढले. एसीचा रकाना मी शेवटी, केवळ पूर्णतेसाठी, घातला.

पाचवा दिवस: मालगुंड ते रत्नागिरी

आरे-वाऱ्याचा रस्ता समुद्राला लागून वर-खाली जातो. तिथे, सकाळच्या गारव्यात, आम्ही प्रयोग केला. सरळ, रिकाम्या भागात हळू वेगात ताईने एसी लावला. अर्ध्या मिनिटात कॉम्प्रेसर सुरू झाल्याचा आवाज आला आणि दोन्ही दिवे लागले. एसी बंद केला, गाडी थांबवून पुन्हा सुरू केली, दिवे गेले. तीनदा केले, तीनदा तेच. उजव्या हाताला एवढा सुंदर समुद्र, आणि आम्ही तिघे डॅशबोर्डाकडे टक लावून बसलेलो.

रत्नागिरीत गाडीतल्या बिघाडाच्या नोंदी वाचणारा स्कॅनर लावून घेतला. नोंद चाकाच्या सेन्सरची नव्हतीच; एबीएसच्या पेटीला मिळणारा विजेचा दाब कमी पडतो, अशी होती. तो कुठे हरवतो, हे शोधायला साधा मल्टिमीटर पुरला. एक टोक गाडीच्या बॅटरीच्या ऋण अग्रावर आणि दुसरे, एबीएसच्या पेटीची अर्थ वायर जिथे बॉडीला जोडली होती त्या बोल्टवर. दोन्ही जागा विजेच्या दृष्टीने एकच असायला हव्यात, फरक व्होल्टच्या दहाव्या भागापेक्षा जास्त नसावा. एसी बंद असताना ०.१ व्होल्ट. एसी चालू होताच २.८ व्होल्ट. इंजिन मंद चालताना बॅटरीवर १२.६ व्होल्ट होते, म्हणजे पेटीच्या वाट्याला ९.८ उरत होते. एवढ्या कमी दाबावर ती पेटी स्वतःवर भरवसा ठेवत नाही आणि दिवा लावून बाजूला होते. यात तिची काहीच चूक नाही.

चूक बोल्टवर दिसली. ज्यांनी गाडीत घर बसवले त्यांनी इन्व्हर्टरची जाड ऋण वायर त्याच बोल्टवर, तीही खालचा रंग न खरवडता, आवळली होती. एसी चालताना तिथून पन्नास-पंचावन्न अँपिअर प्रवाह जात होता. खाऱ्या हवेने रंगाच्या कडेखाली गंज शिरला आणि जोडाचा रोध वाढला. २.८ ला ५५ ने गुणले तर १५४ वॅट होतात. म्हणजे एका बोल्टवर, लाकडी फळीपासून वीतभर अंतरावर, दीडशे वॅटची शेगडी. वायरीचे आवरण तपकिरी होऊन कडक झाले होते. ते पाहिल्यावर मला ब्रेकच्या दिव्याचा राग येईनासा झाला. त्याने कुरकुर केली नसती तर पुढची सूचना धुराने दिली असती.

वायरमनने इन्व्हर्टरची ऋण वायर त्या बोल्टवरून काढून नव्या जाड तांब्याच्या केबलने थेट घराच्या बॅटरीच्या ऋण अग्राला नेली. बोल्टखालचा रंग पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासला, दातेरी वॉशर घातला, आवळला, आणि मगच वरून पेट्रोलियम जेली थापली. जेली आधी आणि आवळणे नंतर, असे करणारेही असतात.

संध्याकाळी घर बसवणाऱ्यांना फोन केला. ते म्हणाले, सगळ्या गाड्यांना आम्ही तिथेच देतो, आजवर कुणाची तक्रार नाही. त्या सगळ्या गाड्या कुठल्या गावी राहतात, असे मी विचारले. बहुतेक नाशिक, नगर, पुणे.

सहावा दिवस: रत्नागिरी ते साखरपा, आणि घाट

परतीला आंबा घाट धरला. चढावर ब्रेकची परीक्षा होत नाही, म्हणून घाटाआधी साखरप्याला सपाट जागा पाहून थांबलो. पातळी पेन्सिलच्या रेघेवर होती. पुढच्या दोन्ही चाकांची ऊब तळहाताला सारखी लागत होती, आणि ह्या वेळी मी दोन्ही तळहात, दोन्ही बाजूंना, दोनदा नेले.

ताईने चहासाठी इन्व्हर्टरवर विजेची केटल लावली. ती एसीपेक्षाही जास्त प्रवाह ओढते. हे बॉनेटपाशी मीटरची टोके धरून उभे राहिले आणि मी आकडा वाचत राहिले. ०.०२. पाणी उकळून केटल आपोआप बंद होईपर्यंत ०.०२.